ऑरेंज वाइन: पांढरी द्राक्षं, लाल वाइनची रीत

वाइनची यादी उघडली की लाल, पांढरी आणि रोझे, एवढ्यावर आपलं भागत होतं. गेल्या काही वर्षांत त्यांच्याखाली चौथं नाव दिसायला लागलं आहे: ऑरेंज. कुठे तिलाच अँबर म्हणतात, कुठे बाटलीवर नुसतं 'स्किन कॉन्टॅक्ट' असं लिहिलेलं असतं. ग्लासात ओतली की रंग कधी फिकट सोनेरी, कधी गडद पिवळसर, कधी थेट तांब्याचा. बऱ्याचदा थोडी गढूळही असते. वास येतो पांढऱ्या वाइनचा आणि पाठोपाठ लाल वाइनचा तुरटपणा हिरड्यांना धरतो. काहींना ती पहिल्याच घोटात आवडून जाते, तर काही जण 'ही खराब तर झाली नाही ना?' असं विचारत ग्लास खाली ठेवतात.

हा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होणारे जाणकार बरेच आहेत. मला तो प्रश्न अगदी रास्त वाटतो, आणि त्याचं नीट उत्तरही देता येतं. त्यासाठी एकच गोष्ट धरून ठेवायची: द्राक्षाचा रस सालींसोबत किती काळ राहिला. रंग, तुरटपणा, वास, टिकाऊपणा आणि या वाइनभोवतीचे जवळपास सगळे वाद तिथूनच निघतात.

यात संत्री नसतात

नावामुळे होणारा घोटाळा आधी मिटवू. ऑरेंज वाइनमध्ये संत्र्याचा रस, साल, अर्क किंवा रंग, काहीही नसतं. ती फक्त द्राक्षांची असते. डेव्हिड हार्वी हे ब्रिटिश वाइन व्यावसायिक २००४ मध्ये सिसिलीत फ्रँक कॉर्नेलिसेन यांच्या वाइनरीत काम करत होते. अशा वाइनना तेव्हा बाजारात ठरलेलं नावच नव्हतं. बाकीच्या वाइन रंगावरून ओळखल्या जातात, तर हीसुद्धा रंगावरूनच ओळखावी म्हणून त्यांनी 'ऑरेंज' म्हणायला सुरुवात केली आणि ते रुळलं. ज्या देशात ही रीत सर्वांत जुनी आहे त्या जॉर्जियातले लोक मात्र 'अँबर' म्हणणंच पसंत करतात.

एक खबरदारी मात्र घ्यायची. स्पेनच्या उएल्वा भागात संत्र्याच्या साली मुरवून केलेली एक गोड वाइन खरोखरच मिळते. ती वेगळी, आणि या लेखाचा विषय नाही.

पांढरी, लाल, रोझे आणि ही

द्राक्ष दाबलं की रस निघतो. त्या रसातली साखर यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव खातात आणि तिचं अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करतात. या आंबण्याच्या क्रियेला किण्वन म्हणतात. इथपर्यंत सगळ्या वाइन सारख्याच. पुढे सालींचं काय केलं, यावर फरक पडतो.

पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं दाबून रस काढतात, चोथा बाजूला करतात आणि नुसता रस आंबू देतात. लाल वाइनसाठी काळी द्राक्षं फोडून साली, बिया सगळ्यांसकट आंबवतात आणि दाबण्याचं काम शेवटी करतात. याचं कारण असं की बहुतेक काळ्या द्राक्षांचा रससुद्धा जवळपास रंगहीनच असतो. लाल-जांभळा रंग सालीत असतो. शॅम्पेन प्रदेशात पिनो न्वार हे काळं द्राक्ष हलक्या हाताने दाबून, साली लगेच वेगळ्या करून त्याची पांढरी फेसाळ वाइन करतात, ती याच आधारावर. रोझे करताना काळ्या द्राक्षांच्या साली थोडेच तास रसात ठेवून काढून घेतात, म्हणून गुलाबीवर भागतं.

आता चौथा रस्ता तेवढा उरला. पांढरी द्राक्षं घ्यायची आणि लाल वाइनच्या रीतीने सालींसकट आंबू द्यायची. ही झाली ऑरेंज वाइन.

चहाचं उदाहरण घ्या. पत्ती तीच, पाणी तेच. मिनिटभरात गाळला तर रंग फिका आणि चव हलकी. पत्ती तशीच राहू दिली तर रंग चढतो, वास भारी होतो आणि जीभ कोरडी पडते. पांढरी वाइन म्हणजे पत्ती लगेच काढून घेतलेला चहा, ऑरेंज म्हणजे पत्तीसकट मुरू दिलेला. किती मुरू द्यायचा हे दोन्हीकडे करणाऱ्याच्या हातात असतं. सालींसोबत असं मुरत ठेवण्याला वाइनवाले मॅसरेशन म्हणतात. मी पुढे 'मुरवण' असंच म्हणेन.

मग किती मुरवली की पांढरीची ऑरेंज होते? यावर जगाचं एकमत नाही. दक्षिण आफ्रिकेने २०१५ मध्ये अशा वाइनसाठी वेगळा वर्ग केला, तिथे किमान ९६ तास पुरतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने २०१७ मध्ये नियम केला, तिथे किमान १० दिवस लागतात. द्राक्षं आणि वाइन यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे ओआयव्हीने, २०२० मध्ये 'मुरवण केलेली पांढरी वाइन' असा प्रकार मान्य केला तेव्हा किमान एक महिन्याची अट घातली. म्हणजे दोन आठवडे मुरवलेली एकच वाइन पहिल्या दोन ठिकाणी बसते आणि तिसऱ्या व्याख्येत बसत नाही. म्हणूनच बाटलीवरच्या नावापेक्षा मुरवणीचे दिवस विचारणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. चार दिवसांची वाइन आणि सहा महिन्यांची वाइन यांत एवढं अंतर असतं की त्या एका नावाखाली का येतात, असा प्रश्न पडावा.

सालीतून काय काय उतरतं

सर्वांत आधी जाणवतं ते टॅनिन. साली, बिया आणि देठ यांत असलेलं हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा कमी होतो आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. साध्या पांढऱ्या वाइनमध्ये टॅनिन नावापुरतं असतं, म्हणून तिची सवय असलेल्याला ऑरेंजचा पहिला घोट चमकवतो. बियांमधलं टॅनिन सालींमधल्यापेक्षा कडसर असतं. बिया चुरडल्या जाऊ नयेत याची काळजी म्हणूनच घ्यावी लागते.

दुसरा भाग सुगंधाचा. द्राक्षाच्या वासाची बरीचशी द्रव्यं सालीत आणि सालीलगतच्या गरात असतात. मस्कत किंवा गेवुर्त्सट्रामिनरसारख्या मुळातच सुगंधी जातींना थोडी मुरवणही पुरते. याउलट रिबोल्ला जाल्लासारखं जाड सालीचं द्राक्ष नुसत्या रसात अगदी साधं लागतं. त्याच्यातलं सगळं सांगण्यासारखं सालीतच दडलेलं असतं. मुरवणीचा सर्वांत जास्त फायदा अशाच जातींना होतो, हे मला या विषयातलं सर्वांत रोचक सत्य वाटतं. वाळवलेलं जर्दाळू, सुकलेली फुलं, गवत, अक्रोड, मध अशा वासांची वर्णनं या वाइनबद्दल वारंवार वाचायला मिळतात. मधाचा वास आला म्हणून गोडीची अपेक्षा मात्र करू नये. बहुतेक ऑरेंज वाइन पूर्ण कोरड्या, म्हणजे जवळपास बिनसाखरेच्या असतात.

आणि रंग. लाल-जांभळा रंग देणारी द्रव्यं पांढऱ्या द्राक्षांच्या सालीत नसतात. तिथे असतात ती पिवळसर छटेची फिनॉल गटातली द्रव्यं. ती रसात उतरतात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला की हळूहळू गडद होतात. त्यामुळे बंद स्टीलच्या टाकीत दोन आठवडे मुरवलेली वाइन सोनेरीच राहू शकते, तर मातीच्या भांड्यात किंवा लाकडी पिंपात महिनोन् महिने ठेवलेली तांबूस होते. पिनो ग्रिज्योची साल मुळातच गुलाबीसर राखाडी असते, म्हणून तिची मुरवलेली वाइन तांब्यावर जाते. ईशान्य इटलीत तिला 'रामातो' म्हणजे तांब्याच्या रंगाची असंच म्हणत आले आहेत.

हे सगळं ऐकायला सोपं आहे, करायला नाही. किण्वन सुरू झालं की वायूचे बुडबुडे साली वर ढकलतात आणि भांड्याच्या तोंडाशी सालींचा हातभर जाड, घट्ट थर तयार होतो. वरून तो कोरडा दिसतो, आतून गरम असतो. तसाच राहू दिला तर त्यावर व्हिनेगर करणारे जिवाणू वाढतात आणि सगळा माल आंबट होतो. म्हणून दिवसातून अनेकदा लांब दांड्याने तो थर फोडून रसात बुडवावा लागतो. हे काम किण्वनाचा जोर ओसरेपर्यंत रात्रीबेरात्रीही चुकत नाही. मग साली जड होऊन खाली बसायला लागतात, आणि तिथून पुढे धीर धरायचा.

जमिनीत पुरलेले रांजण

धीर धरण्याचं हे काम जॉर्जियाने सर्वांत नीट बसवलं आहे. काळ्या समुद्राच्या पूर्वेचा हा कॉकेशसमधला छोटा देश. तिथे वाइन 'क्वेव्री' नावाच्या मातीच्या रांजणात करतात. रांजण अंड्याच्या आकाराचा, खाली निमुळता, आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. काही रांजण शंभर-दोनशे लिटरचे, काही हजारो लिटरचे. ज्या खोलीत ते पुरलेले असतात तिला 'मारानी' म्हणतात. आत शिरलं तर जमिनीत गोल तोंडंच तेवढी दिसतात.

रांजण घडवणारे कुंभार चाक वापरत नाहीत. मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवत, रोज थोडी थोडी उंची वाढवत भिंत उभी करतात. घाई केली तर ओल्या मातीची भिंत स्वतःच्याच वजनाने बसते. मग वाळवणं, मोठ्या भट्टीत कित्येक दिवस भाजणं, आणि गरम असतानाच आतून मधमाशीच्या मेणाचा हात फिरवणं. मेणाने बारीक छिद्रं बुजतात आणि रांजण धुता येतो. हे काम जाणणारी घराणी आता थोडी उरली आहेत.

पूर्वेकडच्या काखेती प्रांतात र्काट्सितेली, म्त्सव्हाने, किसी अशी पांढरी द्राक्षं फोडून रस, साली, बिया आणि कधी देठसुद्धा असा सगळा ऐवज रांजणात जातो. या चोथ्याला तिकडे 'चाचा' म्हणतात. किण्वन संपलं की तोंडावर झाकण ठेवून ते ओल्या मातीने लिंपतात आणि पाच-सहा महिने हात लावत नाहीत. पश्चिमेच्या इमेरेती प्रांतात चाचा कमी घालतात आणि मुरवणही कमी काळ असते, म्हणून तिकडची वाइन हलकी. जॉर्जियाची वाइन म्हणजे एकच ठरावीक चव, हा समज त्यामुळे खरा नाही.

आकाराची हुशारी इथे लक्षात येते. साका बसतो तो निमुळत्या बुडाशी. बिया सर्वांत आधी तिथे जातात, त्यांच्यावर गाळ आणि साली येऊन बसतात, आणि कडसर बियांचा वाइनशी संबंध आपोआप कमी होतो. जमिनीखालचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, त्यामुळे वीज नसतानाही थंडावा टिकतो. वसंतात झाकण उघडलं की वर निवळ वाइन मिळते. रांजण रिकामा झाला की तो घासणं हे वेगळंच काम असतं. मोठ्या रांजणात माणूस आत उतरतो. युनेस्कोने २०१३ मध्ये ही पद्धत मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

आठ हजार वर्षांचा दावाही तुमच्या कानावर येईल, तो नीट समजून घेतला पाहिजे. राजधानी तिबिलिसीच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर गदाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा या ठिकाणी सापडलेल्या खापरांवर द्राक्षाच्या वाइनचे रासायनिक अवशेष मिळाले. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याने तिथल्या वाइनचा काळ इसवी सनपूर्व ६००० च्या आसपास नेला. त्यातून जॉर्जियात तेव्हा द्राक्षाची वाइन होत होती हे कळतं. ती पांढऱ्या द्राक्षांची होती का, सालींसोबत किती दिवस ठेवली होती, रंग कोणता होता, हे खापर सांगत नाही. 'आठ हजार वर्षांची ऑरेंज वाइन' हे जाहिरातीचं वाक्य पुराव्यापेक्षा पुढे पळतं. जॉर्जियाची परंपरा त्या वाक्याशिवायही पुरेशी मोठी आहे.

सोव्हिएत काळात कारखान्यांनी हजारो लिटरच्या टाक्यांत एकसारखी वाइन करायला सुरुवात केली आणि रांजण उरले ते घरगुती वापरापुरते. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियाच्या वाइनवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या उत्पादकांचा सर्वांत मोठा ग्राहक एका झटक्यात गेला. ही बंदी २०१३ पर्यंत चालली. नवे बाजार शोधताना त्यांना कळलं की साधी पांढरी वाइन जगात सगळेच करतात. रांजणातली मात्र दुसरीकडे फारशी मिळत नाही.

ओस्लाव्हियात काय घडलं

तोवर पश्चिम युरोपात एक जण या रांजणांपर्यंत पोचला होता. इटलीच्या फ्रिउली भागात, स्लोव्हेनियाच्या सीमेला लागून ओस्लाव्हिया नावाचं टेकडीवरचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात इथली गावं आणि द्राक्षमळे पार उद्ध्वस्त झाले होते. इथले बरेच शेतकरी स्लोव्हेनियन बोलणारे. त्यांच्या आजोबांच्या पिढीत पांढरी द्राक्षं काही दिवस सालींसोबत ठेवण्याची रीत होतीच, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टीलच्या टाक्या, तापमान नियंत्रण आणि तयार यीस्ट आलं आणि स्वच्छ, फिकट, फळांच्या वासाची पांढरी वाइन हेच प्रगतीचं लक्षण ठरलं.

योश्को ग्राव्हनर याच वाटेने पुढे गेले आणि त्यात नावाजले गेले. १९८७ मध्ये ते कॅलिफोर्नियाला गेले. तिथल्या एकामागून एक वाइन चाखून ते निराश होऊन परतले: तंत्राने इतकं सगळं सारखं करून टाकलं होतं की द्राक्ष आणि जमीन दोन्ही चवीतून गायब झाल्या होत्या. त्यांचाही रस्ता तिकडेच जात होता. १९९६ मध्ये गारपिटीने त्यांच्या रिबोल्लाचं जवळपास सगळं पीक झोडपून काढलं. जे थोडं हाती लागलं त्यावर त्यांनी सालींसोबत आंबवण्याचे प्रयोग केले आणि पुढच्या वर्षीपासून तीच दिशा धरली. २००० मध्ये ते जॉर्जियाला गेले आणि २००१ च्या हंगामापासून त्यांची वाइन पुरलेल्या रांजणांत व्हायला लागली. तिथून ती मोठ्या लाकडी पिंपांत जाते आणि सुगीनंतर कैक वर्षांनीच बाजारात येते.

शेजारीच राहणारे स्तांको रादिकॉन यांनी १९९५ मध्येच रिबोल्ला सालींसोबत मुरवून पाहिली होती. पुढे त्यांनी गंधकसुद्धा, म्हणजे वाइन टिकवणारं सल्फर डायऑक्साइड, घालणं बंद केलं. या दोघांच्या वाइन सुरुवातीला नेहमीच्या ग्राहकांना आणि समीक्षकांना अजिबात पचल्या नाहीत. नाव झालेल्या, बाजारपेठ हातात असलेल्या माणसांनी एवढं पणाला लावावं, याचं मला आजही कौतुक वाटतं. आज ऑस्ट्रियाचा श्टायरमार्क, स्लोव्हेनियाचा ब्रदा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, अमेरिका, सगळीकडे मुरवलेली पांढरी वाइन होते, त्यामागे या एका टेकडीचा मोठा वाटा आहे.

मग हिला नॅचरल वाइन म्हणायचं का?

दोन्ही शब्द इतक्या वेळा जोडीने येतात की ते एकच वाटतात. ते एक नाहीत. ऑरेंज हे करण्याच्या रीतीचं नाव आहे: पांढरी द्राक्षं, सालींसकट. 'नॅचरल' हे कमीत कमी हस्तक्षेपाच्या धोरणाचं नाव आहे: रसायनांशिवाय वाढवलेली द्राक्षं, बाहेरचं यीस्ट नाही, गाळणी नाही, गंधक नाही किंवा अगदी थोडं. सेंद्रिय नसलेली द्राक्षं, विकतचं यीस्ट आणि बारीक गाळणी वापरूनही ऑरेंज वाइन करता येते आणि मोठ्या कंपन्या करतातही. लाल आणि पांढऱ्या वाइनही नॅचरल असतात.

जोडी जमली याला मात्र कारण आहे. वाइन टिकवण्यासाठी सल्फर डायऑक्साइड वापरतात. ते ऑक्सिजन आणि जिवाणू या दोघांपासून तिचं रक्षण करतं. सालींतून उतरलेली फिनॉल द्रव्यंही ऑक्सिजनशी झुंजतात, म्हणून गंधक कमी वापरू पाहणाऱ्याला मुरवण सोयीची पडते. युरोपीय संघाच्या नियमांतही हे दिसतं: साध्या कोरड्या लाल वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तर कोरड्या पांढऱ्या वाइनला २०० मिलिग्रॅमची मुभा, कारण सालींचं संरक्षण पांढरीला नसतं.

'पण ही खराब झालेलीच वाइन आहे'

सुरुवातीच्या प्रश्नाकडे आता येऊ. शंका घेणाऱ्याची अर्धी बाजू खरी आहे. जुनी, नीट न ठेवलेली पांढरी वाइनसुद्धा तपकिरी-केशरी होते. त्यामुळे नुसत्या रंगावरून ऑरेंज ओळखता येत नाही. टॅनिन पाहा. मुरवलेल्या वाइनमध्ये हिरड्यांवर पकड जाणवते आणि फळाचा वास जिवंत असतो. हवा लागून बिघडलेली पांढरी वाइन रंगाने तशीच दिसली तरी पिताना पातळ आणि शिळी लागते, तुरटपणाचा पत्ता नसतो.

गढूळपणा हा दोष धरू नये. बऱ्याच उत्पादकांनी ती मुद्दाम न गाळता भरलेली असते. अक्रोडाचा, सुकलेल्या फळांचा वास हाही बहुधा मुरवणीचा आणि भांड्याचा भाग असतो.

दोष असतात, आणि ते दोष म्हणूनच सांगितले पाहिजेत. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिश काढणाऱ्या द्रवाचा झणका नाकात गेला तर सालींचा थर नीट सांभाळला गेला नाही किंवा पुढे हवा जास्त लागली. गिळल्यानंतर काही सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखा वास तोंडात उभा राहिला तर तो 'माउस' नावाचा जिवाणूंमुळे येणारा दोष आहे. गंधक न घातलेल्या वाइनमध्ये तो जास्त आढळतो. फळ कुठेच नाही आणि नुसती कडू-तुरट भिंत आहे, असं झालं तर मुरवण त्या द्राक्षाला झेपली नाही. 'ही अशीच असते' असं सांगून यातलं काहीही कुणी गळ्यात मारू लागलं तर ऐकू नका. चांगल्या ऑरेंज वाइनची बाजू घ्यायची असेल तर वाईटाला वाईट म्हणावंच लागतं.

तब्येतीला चांगली असते का?

फिनॉल, अँटिऑक्सिडंट हे शब्द आले की औषधी गुणांची चर्चा सुरू होते. सालींमुळे ऑरेंज वाइनमध्ये फिनॉल द्रव्यं साध्या पांढरीपेक्षा जास्त असतात, हे खरं. पण अल्कोहोल तेवढंच असतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यपान हे माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. जो पीत नाही त्याने ऑरेंजच्या निमित्ताने सुरुवात करण्याचं काहीच कारण नाही. 'हिने डोकं दुखत नाही' हाही भरवशाचा दावा नाही.

एवढी चर्चा आत्ताच का?

रंग फोटोत उठून दिसतो, हे वरवरचं कारण. खरं बळ जेवणाच्या टेबलावरून आलं. मसालेदार, आंबवलेलं, कडसर किंवा खूप वेगवेगळ्या चवींचं जेवण एकत्र असेल तर हलकी पांढरी वाइन दबून जाते आणि गडद लाल वाइन जेवणावर स्वार होते. पांढरीचा ताजेपणा आणि लालचा तुरट कणा असलेली ही वाइन अशा ठिकाणी दोन्हीकडे पुरते. जुनं चीज, भाजलेला सुकामेवा, अळंबी यांच्यासोबतही ती शोभते. रेस्तराँमध्ये वाइन निवडून देणाऱ्यांनी ती उचलून धरली ती या सोयीमुळे, आणि नॅचरल वाइनच्या बारमधून ती तरुण ग्राहकांपर्यंत पोचली.

शिवाय वाइनची जुनी प्रतवारी पाठ नसलेल्यालाही इथे दबकून जावं लागत नाही, कारण या वाइनबद्दल ठरीव मतं अजून बनायची आहेत. रोमेनियातल्या क्रामेले रेकाशसारख्या मोठ्या वाइनरीही आता ती करू लागल्या आहेत. त्यात सौम्य, कमी दिवसांच्या वाइनच जास्त असणार, आणि मला त्यात वाईट वाटत नाही. दारातून आत यायला उंबरा लहान असलेला बरा.

पहिल्यांदा पिणार असाल तर

सहा महिन्यांच्या रांजणातल्या वाइनपासून सुरुवात करू नका. आठवडा-दोन आठवडे मुरवलेली घ्या. बाटलीच्या मागे दिवस लिहिलेले नसतील तर विक्रेत्याला विचारा. त्याला सांगता आलं तर तो कामाचा माणूस आहे.

पांढऱ्या वाइनइतकी गार करू नका. फार गार केली की सुगंध बंद होतो आणि टॅनिन टोचतं. साधारण १२ ते १५ अंश सेल्सियस ठीक. ग्लास मोठा घ्या आणि ओतल्यावर थोडा वेळ जाऊ द्या; लांब मुरवलेल्या वाइनला तासभर हवा दिली तरी चालते. बाटली आधी काही तास उभी ठेवली तर साका खाली बसेल आणि शेवटचा गढूळ पेला टाळता येईल.

शक्य असेल तर एकाच जातीच्या दोन बाटल्या शेजारी ठेवून पाहा, म्हणजे एक साधी पिनो ग्रिज्यो आणि एक रामातो, किंवा साधी र्काट्सितेली आणि रांजणातली. आणि रांजणातली पहिल्या दिवशी झेपली नाही, तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. टॅनिनमुळे ती साध्या पांढरीपेक्षा बरी टिकते, आणि दुसऱ्या दिवशी तिचा तुरटपणा बऱ्याचदा थोडा निवलेला असतो.